वेल्सवाल्या पाहुण्याचे यजमान

अख्ख्या आखातात जेवण्यापेक्षा चिडण्यात ज्याचे दात जास्त झिजले असा माणूस एकच असणार, आणि तो नेमका माझ्या खुर्चीच्या वाट्याला आला. मी अल बर्शात एका क्लिनिकमध्ये दातांची डॉक्टर आहे; मूळची कराडची, लग्न होऊन इकडे आलेली. पेशंटचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं, म्हणून मी ते घेणार नाही. क्लिनिकमध्ये आमच्या फिलिपिनो रिसेप्शनिस्टसकट सगळे त्यांना चाचाच म्हणतात. साठी उलटलेली, अंगावर मांस म्हणून नाही, मिशी पांढरी आणि नखांच्या कडांना कायम कुठला तरी रंग. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून ते ऐन तरुणपणी अजमानला आले आणि दुकानांच्या पाट्या रंगवत तिथेच राहिले. आता पाट्या मशीनवर छापल्या जातात, पण चाचांच्या मालकाने त्यांना अजून काढलेलं नव्हतं. काढायचं ठरलं तरी ते चाचांना सांगणार कोण, हीच अडचण असावी.

अजमानमध्ये दातांचे डॉक्टर काही कमी नाहीत. तरी चाचा आधी बस, मग मेट्रो, मग उन्हातून पायपीट करत माझ्याकडे यायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिकडं सगळे विचारतात, दर्द है क्या. आता दर्द हिंदीत सांगायचा म्हंजे आधी तर्जुमा करायला लागतो. तवर दुखनं जागा बदलतं." अपॉइंटमेंट ही गोष्ट त्यांना मंजूर नव्हती. मनात आलं की यायचे, आणि येताना गावाहून आलेल्या सोड्यांची नाहीतर सुकटाची पिशवी आणायचे. सुकी मासळी फिलिपिनो मंडळींना आपल्याइतकीच प्यारी, त्यामुळे आमची रिसेप्शनिस्ट त्यांना वेळ घेऊन आलेल्या भल्या भल्या पेशंटांच्या आधी आत सोडायची आणि मग दिवसभर क्लिनिकला बंदराचा वास यायचा. खुर्चीत बसल्यावर तोंड उघडायचं ते माझ्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी. तोंडात आरसा, कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी, सगळं असलं तरी यांचं चालूच. व्यंजनं जीभ अडकल्यामुळे गळायची आणि नुसते स्वर बाहेर पडायचे. सुरुवातीला मी वैतागले, मग हळूहळू मला ते नुसत्या स्वरांतलं मराठी कळायला लागलं. हे कौशल्य पुढे कधी उपयोगी पडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

पाट्यांच्या बाबतीत त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नसे. आमच्या काचेच्या दारावर पूर्वी एक दात छापलेला होता. पहिल्याच भेटीत चाचांनी बाहेर उन्हात उभं राहून तो बराच वेळ न्याहाळला आणि आत येऊन विचारलं, "डाक्टरबाई, दारावर कोबी कशापायी काढलाय?" मी दुर्लक्ष केलं. पुढच्या आठवड्यात सकाळी क्लिनिक उघडायला आले तर चाचा दारासमोर स्टूल टाकून ब्रश चालवत होते आणि आमचा केरळी मॅनेजर डोक्याला हात लावून "चाचा, परमिशन, परमिशन" असा त्यांच्याभोवती फिरत होता. "परमिशन नंतर, हबीबी, आधी दात," चाचा म्हणाले. दात मात्र काय उतरला! मुळं जागच्या जागी, कडेला निळसर सावली, वर एक पांढरा चमकता ठिपका. इतका निरोगी दात मी उभ्या कारकिर्दीत एकाही तोंडात पाहिलेला नाही. मॅनेजरने धावपळ करून परमिशन आणली आणि तो दात तिथेच राहिला.

पण हे सगळे त्यांचे किरकोळ छंद. चाचांचा जीव अडकला होता तो एका कबरीत, आणि कबर होती एका वेल्सच्या चित्रकाराची. त्यांच्या गावात साहेबाच्या काळातलं एक छोटं चर्च आहे. छप्पर कधीच गेलं, भिंती उभ्या आहेत, आणि आवारात चिंचेखाली चार-पाच कबरी. त्यातली एक या चित्रकाराची. चाचांच्या पणजोबांनी त्याला होडीतून खाडीभर फिरवलं होतं. तो होड्या, माड, किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्या बायका, काय दिसेल ते काढत सुटायचा, आणि पणजोबा रंगांची पेटी डोक्यावर घेऊन मागे. मग तापाने आजारी पडला आणि पणजोबांच्याच ओट्यावर गेला. "आमच्या घरातनं गेला, म्हंजे आमचा पाहुना," चाचा सांगायचे. "पाहुना जेवून गेला काय न् मरून गेला काय, पाहुना तो पाहुनाच." तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्याआधी या घराने त्या कबरीला चुना द्यायचा, हा नेम. आजोबांनी दिला, वडील गावात होते तोवर त्यांनी दिला. गावातली पोरं ड्रॉइंगच्या परीक्षेला जाण्याआधी तिथे एक रंगीत पेन्सिल ठेवून जातात, त्यात हिंदूही आले आणि मुसलमानही. त्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. गाव त्याला चितारीसाहेब म्हणायचं.

त्याला कोणी इंग्रज म्हटलेलं चाचांना खपत नसे. "वेल्स वायलं, इंग्लंड वायलं," असं ते मला निदान वीसदा तरी बजावून गेले असतील. "तुमाला कोनी सोलापूरची म्हटलं तर चालंल?" चाललं असतं, पण मी नाही म्हणून मान हलवायची. वेटिंग रूममध्ये गोरा पेशंट दिसला की चाचा त्याच्या शेजारी सरकून विचारायचे, "यू फ्रॉम वेल्स?" तो बिचारा कुठला तरी दुसरीकडचा निघायचा आणि चाचा तोंड फिरवून बसायचे. एकदा मात्र एका बाईने सांगितलं की तिची आई वेल्सची. चाचा उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला, आणि माझ्यासाठी आणलेली सोड्यांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "यू आर माय गेस्ट फॅमिली." बाई अक्कलदाढेच्या दुखण्याने आधीच हैराण. पण पुढच्या वेळी आली तेव्हा तिने मला ते सोडे शिजवायचे कसे हे विचारलं, यावरून वेल्सची माणसं चांगली असावीत.

अजमानला आल्यावर चाचांना चुन्यात काही राम वाटेना. चुना पहिल्या पावसात उतरतो. इथे तर समुद्रावरच्या होड्यांना लावायचा पांढरा रंग मिळतो, खारं पाणी वर्षानुवर्षं आदळलं तरी ढिम्म न हलणारा. मग दर वर्षी कार्गोच्या खोक्यातून, ब्लँकेटं, दूध पावडर आणि साबणांच्या मधोमध, एक डबा गावी जायला लागला. एका वर्षी तो भाचीच्या लग्नाच्या खोक्यात फुटला आणि नवरीचा अख्खा आहेर पांढराशुभ्र झाला. ती भाची अजून चाचांशी तुटक बोलते. रंग लावायचं काम गावात आपाचं. आपा म्हणजे चाचांची थोरली बहीण, नवऱ्यामागे माहेरी राहिलेली, खाडीतली कालवं काढून विकणारी आणि जगात चाचांना न घाबरणारी एकटीच. ती फोटो पाठवायची, चाचा तो मला तोंडात नळी असतानाच दाखवायचे, आणि मला दर वर्षी त्या चिंचेखाली एक जास्तच चकचकीत होत गेलेला पांढरा ठोकळा दिसायचा.

एवढा जीव कशासाठी, हे मी एकदा विचारलं. रूट कॅनॉल चालू होतं, सुई लागलेली होती, त्यामुळे ते हळू बोलले. त्यांचे अब्बा फार पूर्वी लाँचमधून इकडे आले होते, मजुरीला. इथेच गेले. सोबतच्या माणसांनी दफन केलं आणि सोबतची माणसंही पुढे पांगली. इथल्या कब्रस्तानात नावं लिहायची रीत नाही. डोक्याशी एक दगड, बस. चाचा तरुणपणी आले ते निम्मे नोकरीला आणि निम्मे अब्बांना शोधायला. कब्रस्तानाच्या रखवालदाराने हात लांबवर फिरवला आणि "यहीं कहीं" म्हणाला. "तवापासून ईदला मी सगळ्यांसाठीच दुवा मागतो," चाचा म्हणाले. "त्यात अब्बा आलेच. आमी तिकडं त्या पाहुन्याला सांभाळतो, इकडं कोन तरी आमच्या अब्बाला सांभाळत आसंल. एवडाच हिशोब, डाक्टरबाई." हातातलं काम नीट केलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच नीट.

आणि मग या वर्षी तिकडे रस्ता आला. खाडीवरच्या नव्या पुलाकडे जाणारा रस्ता रुंद होणार आणि तो चर्चच्या आवारातून जाणार, असं ठरलं. तालुक्याच्या गावाहून फादर येऊन सगळं पाहून गेले आणि त्यांचं नि रस्त्याच्या साहेबांचं असं बोलणं झालं की ज्या कबरीवर नाव वाचता येईल ती सन्मानाने उचलून भिंतीच्या आत न्यायची. ज्यांच्यावर काहीच नाही, ते दगड बाजूला करून जागा सपाट करायची. नियम वाईट म्हणता येणार नाही. चाचांनी आपाला फोन लावला आणि थाटात सांगितलं, साहेबाला नाव दाखव. आपा म्हणाली, "कुठलं नाव? तुज्या रंगाखाली काय दिसतंय रे? फ्रीज दिसतो मला तर."

तिथून चाचांचं दात खाणं सुरू झालं. पिढ्यान् पिढ्यांचा चुना आणि त्यावर चाचांचा होड्यांचा रंग, यांनी त्या दगडावरचं अक्षर न् अक्षर बुजवून टाकलं होतं. स्वतः चाचांनीही ते नाव कधी पाहिलेलं नव्हतं. "नाव आहे हे नक्की ना?" मी विचारलं. "आजा वाचायचा." "आजोबांना इंग्रजी येत होतं?" "आजाला काय यायचं नाय. पन तो वाचायचा." यापुढे काय विचारणार? रंग काढायचा तर कसा, यावर अजमानच्या कारखान्यात रोज खल व्हायला लागला. कोणी म्हणे ॲसिड, कोणी म्हणे ग्राइंडर, कोणी म्हणे आग. चाचा प्रत्येकाशी भांडत होते आणि झोपेत दात करकरा चावत होते. ते स्वतःच सांगत की खोलीतले पार्टनर घाबरून जागे होतात. एका सकाळी वरच्या पडलेल्या दातांची कवळी मधोमध तुटून दोन तुकडे हातात आले. ते तुकडे रुमालात बांधून चाचा माझ्याकडे हजर. त्यांची अवस्था बघून मला स्वतःचा जबडा आवळल्यासारखा वाटला. मी म्हटलं, नवीन कवळी करू, आज माप घेते. साहेबांची माणसं गुरुवारी येणार होती आणि त्या दिवशी मंगळवार होता, म्हणून चाचा निमूट बसले.

माप घेतात ते असं: मापासाठीच्या मसाल्याची पूड पाण्यात घोटायची, गुलाबी लगदा होतो, तो जबड्याच्या आकाराच्या ट्रेमध्ये भरून तोंडात दाबून धरायचा. दोन-तीन मिनिटांत घट्ट होतो. तोवर पेशंटने हलायचं नाही, बोलायचं तर नाहीच. चाचांचा ट्रे मी आत बसवला, दोन्ही बोटांनी वर दाबून धरला, आणि त्यांच्या छातीवरचा फोन वाजायला लागला. इकडे नेहमीच्या ॲपवर व्हिडिओ कॉल लागत नाहीत, त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं. चाचांनी ते आपाच्या फोनवरही आठवडाभर डोकं खाऊन घालून घेतलं होतं. त्यांनी हात वर करून बटण दाबलं. पडद्यावर आपा, आपाच्या मागे पांढरा ठोकळा, आणि त्याच्या मागे पिवळा जेसीबी.

"अरे, आजच आले हे!" आपा ओरडली. "मशीन मोकळं झालं म्हनून आज आनलं. मी हिथनं हलत नाय. पन साहेब म्हनतो नाव दाखव. खरवडू काय? बोल! मूग गिळलेस काय?"

चाचांचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. घशातून नुसते स्वर आले. मी त्यांचा जबडा धरून ठेवला होता, कारण ट्रे आता काढला असता तर सगळं त्यांच्या घशात गेलं असतं. "आपा, मी दातांची डॉक्टर," मी म्हटलं. "चाचांच्या तोंडात माप आहे, त्यांना बोलता येत नाही." आपाने एक क्षण पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आयुष्यात पयल्यांदा."

मग साहेब पडद्यात आले. डोक्याला रुमाल बांधलेला, घामाघूम, आवाज मवाळ. "मॅडम, माझी काही दुश्मनी नाहीये. पण मशीन दुपारनंतर दुसऱ्या साइटला जाणार आहे. नाव दिसलं तर मी इथेच मार्किंग बदलतो. नाही दिसलं तर माझा नाइलाज आहे." मी चाचांकडे पाहिलं. स्वर आले, आणि मला कळले: खरवड म्हणा, पण हळू. "खरवडा, आपा," मी म्हटलं, "पण हळू, असं चाचा म्हणतायत." आपाच्या हातात कालवं काढायचं तिचं लोखंडी हत्यार होतं. तिने ते उगारलं आणि दगडावर ठाणकन हाणलं. इकडे चाचा खुर्चीत असे उसळले की मला गुडघा टेकवून त्यांना दाबावं लागलं.

"ठोकू नका!" मी ओरडले. रिसेप्शनिस्ट दारात येऊन उभी राहिली. "आपा, ऐका. आम्ही दातांवरचा दगड काढतो ना, तसं करा. ठोकायचं नाही. कडेला फट शोधा, टोक आत सरकवा आणि उचला. पाणी टाका वरून." "मंग आदी सांगायचं ना. कालवं पन अशीच काढतात," आपा पुटपुटली आणि कोपऱ्यात उकिडवी बसली. फोन तिने कुणाच्या तरी हातात दिला असावा, कारण चित्र डुगडुगायला लागलं. टोक आत गेलं. कर्रर्र असा आवाज झाला आणि चाचांच्या होड्यांच्या रंगाची जाड खपली, मागे चुन्याचे थरावर थर घेऊन, एका बाजूने उचलली गेली. चुन्याचे थर कडेला दिसत होते. एक निळसर होता, कोणीतरी कधीतरी त्यात नीळ घातली असणार. चाचांचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो घट्ट होत चालला होता. आपाने हत्यार आणखी आत सरकवलं, आणि ती अख्खी खपली तिच्या हातात निघून आली, दोन मोठ्या तुकड्यांत.

खाली दगड दिसला. त्यावर काहीच नव्हतं.

खाऱ्या हवेने तो दगड आतल्या आत भुसभुशीत करून टाकला होता. आपाने त्यावर बोट फिरवलं तर पिवळी वाळू ओघळली. अक्षरं असलीच तर ती त्या वाळूबरोबर निघून गेली होती. साहेबांनी पुढे वाकून पाहिलं, हात फिरवला, आणि सावकाश म्हणाले, "बाई, इथे काही नाही हो." जेसीबीचा आवाज सुरू झाला. चाचांनी डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी माझ्या हातमोज्यांवर आलं, आणि मला त्या क्षणी त्या साहेबाचा, त्या रस्त्याचा, चाचांच्या त्या होड्यांच्या रंगाचा, सगळ्याचा संताप आला. एवढ्या मायेने एखाद्याला पुसून टाकायचं म्हणजे काय!

माप केव्हाच घट्ट झालं होतं, माझं लक्षच नव्हतं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मी ट्रे ओढून काढला आणि रोजच्या सवयीने तो दिव्याखाली धरून पाहिला. माप नीट आलं की नाही हे बघावंच लागतं. गुलाबी लगद्यात चाचांचे उरलेसुरले दात, हिरड्यांच्या वळ्या, टाळूच्या रेघा, सगळं उलटं, पण जसंच्या तसं. तोंडातला दात उद्या पडला तरी तो इथे आहे. मी ट्रेकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून मॅनेजरही धावत आला.

"आपा! ती खपली कुठे टाकलीत? टाकू नका! उलटी करा! मागची बाजू दाखवा मला!"

"काय?"

"मागची बाजू! साहेब, थांबवा ते मशीन, बस, एक मिनिट थांबवा!"

आपाने दोन्ही तुकडे ओढणीवर पालथे ठेवून जुळवले आणि फोन जवळ धरला. चुन्याच्या पाठीवर, वाळूचे कण चिकटलेल्या, उठावदार अक्षरांच्या ओळी होत्या. सगळी उलटी. पहिल्या चुन्याने अक्षरांच्या खाचा भरल्या होत्या आणि दगड गेला तरी त्या खाचांचं माप चुन्याने धरून ठेवलं होतं. साहेब मान इकडून तिकडे वाकडी करून बघत होते. "अक्षरं आहेत मॅडम, पण लागत नाहीत." मी ट्रॉलीवरचा तोंडात घालायचा छोटा आरसा उचलला आणि फोनच्या पडद्याला लावला. त्या नाण्याएवढ्या आरशात एकेक अक्षर सुलटं व्हायला लागलं. नाव लांबलचक होतं, त्यात स्वर जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे मला ते उच्चारता आलं नाही. मी एकेक अक्षर मोठ्याने सांगत गेले आणि साहेब त्यांच्या मोबाइलमध्ये टाइप करत गेले. त्याखालची ओळ मात्र सोपी होती: आर्टिस्ट, ऑफ वेल्स.

साहेबांनी हात वर केला आणि मशीन बंद झालं. "नाव आहे," ते म्हणाले. "आत घ्या यांना." आपाने दोन्ही तुकडे ओढणीत गुंडाळून घेतले. चाचा खुर्चीत ताठ झाले. तोंडात कवळी नाही, ओठांना गुलाबी मसाला, मिशी ओली. "वेल्स," ते पोकळ तोंडाने म्हणाले. "मी काय सांगत होतो? इंग्लंड नाय." मग जरा थांबून म्हणाले, "आजा हेच नाव घ्यायचा. अगदी हेच." आजोबांना ते नाव उच्चारता येणं शक्यच नव्हतं, पण मी म्हटलं, हो चाचा, हेच असणार.

त्यानंतर चाचा फार दिवस इथे राहिले नाहीत. मालकाने नाही, त्यांनी स्वतःच व्हिसा रद्द करून घेतला. म्हणाले, कबर नव्या जागी बसवायची तर आपावर सोडून चालणार नाही, ती फरशीसारखी बसवंल. आम्ही दातांचे साचे ज्यात ओततो त्या पक्क्या प्लॅस्टरची पिशवी मी त्यांना दिली. गावी जाऊन त्यांनी ते चुन्याच्या खपलीवर ओतलं, आणि सुलट्या, खोल अक्षरांची पाटी कबरीवर बसवली. कवळीच्या कामाच्या प्लॅस्टरमध्ये नाव ओतलेली कबर जगात ही एकच असेल. पोरं आता पेन्सिली त्या पाटीखाली ठेवतात, असा फोटो आला.

जायच्या आधी ते नवी कवळी घ्यायला आले होते. कवळी छान बसली. आरशात बघून हसले, जीभ फिरवली, आणि मग त्यांचं लक्ष ट्रॉलीवरच्या प्लॅस्टरच्या जबड्याकडे गेलं. त्यांचाच, त्या दिवशीच्या मापावरून ओतलेला. "याचं काय करता?" मी म्हटलं, काही नाही, काम झालं की टाकून देतो. त्यांनी तो उचलला, एका बोटाने त्यावरची धूळ पुसली. "टाकू नका, डाक्टरबाई," म्हणाले. "उभा जन्म हिथं काढला. अब्बांचं हिथं काय राहिलं नाय. माझं एवडं राहू द्या."

तो जबडा माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. मध्ये तपासणीला आलेल्या माणसाने विचारलं, हा कुठल्या पेशंटचा, फेकत का नाही? मी म्हटलं, चालू केस आहे. दारावरचा तो दात अजून चमकतो, सुकटाचा वास मात्र क्लिनिकमधून गेला, आणि रिसेप्शनिस्ट अधूनमधून दाराकडे बघून "नो चाचा?" असं उगीच विचारते. गावाहून महिन्यातून एकदा चाचांचा व्हॉइस मेसेज येतो. पाहुणा बरा आहे, आपा ऐकत नाही, आणि शेवटी नेहमी एकच चौकशी: माझा जबडा ठीक हाय ना, पांढरा रंग पाठवू काय? दर गुरुवारी क्लिनिक बंद करताना मी तो खाली काढते आणि मऊ फडक्याने पुसते. रंग मात्र देत नाही.